रबर पॅड प्रेस की सुपरप्लास्टिक फॉर्मिंग? उमरेडकडच्या एका शेडसाठी

उमरेडकडे ट्रॉल्या आणि पेरणीयंत्रं बनवणाऱ्या माझ्या मित्राला नागपूरचं मिहान, म्हणजे विमानतळालगतचं उद्योगक्षेत्र, जवळ असल्याने विमानाच्या पत्र्याचं काम धरायचं आहे. यंत्र कोणतं घ्यावं, हा त्याचा प्रश्न.

रबर पॅड प्रेसमध्ये थंड पत्रा साच्यावर ठेवून वरून जाड रबराने दाबतात. काही मिनिटांत रिब (आधार देणारी पट्टी) किंवा ब्रॅकेट तयार. पण थंड ॲल्युमिनियम साधारण 15 ते 25 टक्केच ताणतं, खोल आकारात फाटतं. दाब सुटला की पत्रा थोडा मूळ आकाराकडे परततोही.

सुपरप्लास्टिक फॉर्मिंगसाठी आपली लांब रोटी आठवा. पीठ बारीक आणि नीट तिंबलेलं असेल तर ती हातावर कोपरापर्यंत उतरते, फाटत नाही. इथे धातूचे कण 10 मायक्रॉनपेक्षा बारीक लागतात. पत्रा मिश्रधातूनुसार 450 ते 520 अंश सेल्सिअसला तापवून वायूच्या दाबाने सावकाश साच्यात फुगवतात. मग तो 200 टक्क्यांहून जास्त ताणतो. चार तुकडे रिव्हेटने जोडायचे तिथे एकच निघतो, आणि तो मूळ आकाराकडे जवळपास परतत नाही. घाई केली तर रोटीसारखंच भोक पडतं. एका भागाला अर्धा तासही जातो. साच्याला आधी टेकलेला पत्रा घर्षणाने तिथेच अडतो, पुढचा सगळा ताण कोपऱ्यांवर येतो. म्हणून जाडी कोपऱ्यातच मोजा. ताणताना आत सूक्ष्म पोकळ्याही पडतात. त्या रोखायला पत्र्याच्या दुसऱ्या बाजूनेही वायूचा दाब ठेवतात. भार घेणाऱ्या भागात ही सोय वगळू नका.

ॲल्युमिनियमचा मिश्रधातू निवडताना मोह होतो 7475 या क्रमांकाच्या प्रकाराचा. उष्णोपचारानंतर त्याची यील्ड स्ट्रेंग्थ (कायमचं वाकण्याआधी पेलता येणारा ताण) 400 मेगापास्कलच्या वर जाते, 5083 या दुसऱ्या प्रकाराची फॉर्मिंगनंतर 145 च्या आसपास राहते. पण 7475 ला पुन्हा तापवून झटकन थंड करावं लागतं, आणि त्यात पातळ भाग वाकतो. कमावलेली अचूकता तिथेच जाते. सुरुवात 5083 नेच करावी, हलक्या भाराच्या भागांसाठी.

लाइन गेली तर रबर पॅडचं काम फक्त थांबतं. तापलेल्या साच्यातला अर्धवट फुगलेला पत्रा मात्र बहुधा भंगारात जातो. जनरेटरचा खर्च यंत्राच्याच हिशोबात धरा.

मित्राच्या ड्रॉइंगांत बहुतेक उथळ ब्रॅकेट आहेत, नगही बरेच. त्याला मी रबर पॅड घ्यायला सांगितलं. खोल भाग दोनच आहेत, तेही मोजक्या नगांचे. ते बाहेरून करून घे म्हटलं. तुमच्याकडे याच्या उलट असेल, तर मी सुपरप्लास्टिककडे झुकेन. मात्र पत्रा सुपरप्लास्टिक दर्जाचाच मागवा. साध्या 5083 चे कण जाड असतात, तो तेवढा ताणणार नाही.