मुलांचा न्यूरो आयसीयू, नाशिक: काही महिन्यांनंतर लिहितेय

गणपतीत मुलगी तिथं ॲडमिट होती, आता द्राक्षांचा हंगाम संपत आलाय. मुद्दामच थांबले. डिस्चार्जच्या दिवशी कुठलंही हॉस्पिटल देवळासारखं वाटतं, तेव्हा लिहिलेल्याला अर्थ नसतो. नाव देत नाही, कारण तक्रारीही आहेत.

तापात झटका (फिट) आला आणि थांबेना. पाच मिनिटांच्या वर गेलेला झटका आपोआप थांबायची वाट बघायची नसते, म्हणून तडक घराजवळच्या दवाखान्यात नेलं. इंजेक्शननं हातपाय शांत झाले, पण पोरगी जागी होईना. तिथून इकडे आणल्यावर लगेच डोक्याला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणारं यंत्र, लावला, तर शरीर निपचित आणि मेंदूत झटके चालूच! साधा आयसीयू आणि हा यांत खरा फरक इथं आहे. अर्ध्या तासाचा ईईजी काढून रिपोर्ट उद्या, असं काम नाही. वायरी रात्रंदिवस लावलेल्या, समोर कॅमेरा, आणि पडद्यावरच्या रेघा बघून मिडाझोलाम या झटके थांबवणाऱ्या औषधाचा वेग कमी-जास्त. केसांत चिकटलेली ती पेस्ट काढायला नंतर खोबरेल तेलाची अर्धी बाटली गेली, ते सोडा.

सिस्टर्सना पूर्ण मार्क. दर तासाला टॉर्चनं बाहुल्या बघायच्या, हाक मारायची, प्रतिसाद लिहायचा, रात्री तीनलाही. पलंगाची डोक्याकडची बाजू 30 अंशांवर. सोडियम घसरलं तर मेंदूला सूज येते, म्हणून रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं. गिळता येतंय हे तपासल्याशिवाय तोंडात थेंब नाही. सासूबाई गंगेचं पाणी घेऊन आल्या, तर सिस्टर म्हणाल्या, "आजी, कपाळाला लावा, तोंडात नको." सासूबाईंनी ऐकलं, हे आमच्या घरात नवलच. पाऊल लोंबू नये म्हणून स्प्लिंट आणि व्हेंटिलेटरवर असतानाच फिजिओ सुरू. रविवारी मात्र फिजिओ गायब.

आता तक्रारी. डॉक्टर भेटायची वेळ अकराची, प्रत्यक्षात दुपार. तोवर आई-बापानं जिन्यात उभं राहायचं. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला 5 लाखांपर्यंतचं कवच आहे, पण हे हॉस्पिटल योजनेत नाही, आणि ते कळलं डिपॉझिट भरल्यावर. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो; आधी तो कुठंय ते विचारा.

घरी आल्यानंतरचं कुणी फारसं लिहीत नाही. लेव्हेटिरासिटाम हे झटक्यांचं औषध सुरू झाल्यावर ती इतकी चिडचिडी झाली की ताट भिरकावायची. ओपीडीत सांगितलं तर औषधाचाच परिणाम असू शकतो म्हणाले, डोस बदलला, बरीच निवळली. मनानं बंद करू नका, झटका उलटतो. मिडाझोलामचा नाकातला स्प्रे एक घरी, एक शाळेच्या दप्तरात. नवी बाटली आधी हवेत दाबून चालू करावी लागते, हे बाईंना दाखवून आले. डोस वजनावर असतो, म्हणून प्रत्येक भेटीत वजन करून चिठ्ठीवर नव्यानं लिहून घेते. मदतीसाठी दिलेला फोन ते रात्रीही उचलतात, त्याबद्दल एक स्टार जास्त.

पाचपैकी चार. कळवण-सुरगाण्याकडून येणाऱ्यांनी, जवळच्या दवाखान्यात झटका आवरून घेतल्यावर, पुढं कुठं हलवायचं ते ठरवताना फोनवर दोनच गोष्टी विचारा: रात्री ईईजी लावायला माणूस आहे का, आणि तो वाचतं कोण?