देऊळ पाडून नवं बांधायचं की आहे तेच सावरायचं?

देऊळ गळायला लागलं की गावकीच्या बैठकीत दोन गट पडतात. एक म्हणतो, उतरवा आणि आरसीसीत बांधा. दुसरा म्हणतो, दुरुस्त करा. काळ्या पाषाणाचं किंवा जांभ्याचं देऊळ असेल, तर आमचं मत दुसऱ्या बाजूला आहे.

नव्या बांधकामाची सोय खरी आहे. सभामंडपात मध्ये खांब येत नाहीत, गवंडी गावातच मिळतो, काम लवकर उरकतं. पण स्लॅबमध्ये पाणी मुरलं की सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. कोकणच्या खाऱ्या हवेत तर हे फार लवकर होतं. सिन्नरचं दगडी गोंदेश्वर मंदिर मात्र यादवकाळापासून उभं आहे.

सगळ्यात वाईट तो मधला मार्ग: जुन्या भिंती ठेवून वर स्लॅब आणि सांध्यांत सिमेंट. 5 इंची स्लॅबचा भार चौरस मीटरला 300 किलोंच्या वर जातो, कौलारू छपराच्या कितीतरी पट. सिमेंटच्या सांध्यातून ओल बाहेर पडत नाही. ती दगडातूनच वाट काढते, क्षार पृष्ठभागाशी येतात आणि कोरीव कामाचे पापुद्रे गळतात. तेलरंगानेही ओल अशीच कोंडते. पंढरपुरात 2024 च्या कामात नंतर बसवलेला संगमरवर आणि फरशी काढल्यावर गाभाऱ्याचा मूळ पाषाण पुन्हा दिसला.

दुरुस्तीत चुनाच हवा. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात विरवून किमान 2 ते 3 आठवडे भिजत ठेवा. 1 भाग चुन्याला 3 भाग चाळलेली वाळू धरा. ओलीच्या जागी थोडी वाळू कमी करून सुरखी (भाजक्या विटांची पूड) घाला. सांधे छिन्नीने इंचभर खोल मोकळे करा, पाणी मारा, मग भरा. एका थराला 10-12 मिलिमीटर पुरे. जाड थर भरला की तडकतो. वर 10-15 दिवस ओलं गोणपाट ठेवा. पिंपळ नुसता छाटू नका, तो पुन्हा फुटतो. मूळ जिथवर गेलंय तिथवरचे दगड क्रमांक टाकून उतरवा. क्रमांक दर्शनी बाजूला नको, सांध्यात दडणाऱ्या बाजूला टाका.

विधींतही फरक पडतो. मूर्ती जागची हलणार नसेल, तर बहुतेक ठिकाणी काम संपल्यावर संप्रोक्षण, म्हणजे मंत्रजल शिंपडून शुद्धी करतात. हलवायची असेल तर आधी कलाकर्षण: देवत्व कलशात घेऊन रोजची पूजा कलशाची. नंतर जलाधिवास, धान्याधिवास, शय्याधिवास (मूर्ती पाण्यात, धान्यात आणि शय्येवर ठेवणं) आणि पुनःप्रतिष्ठा. देवळाची परंपरा पुरोहितांना आधी विचारा, कारण पाडायचं ठरलं तर देव बराच काळ बाहेर राहतो.

चुन्याला पावसाआधी सुकायला वेळ लागतो आणि चातुर्मासात प्रतिष्ठा टाळतात. म्हणून दिवाळीनंतर काम सुरू करा, सांधे फाल्गुनापर्यंत उरका आणि मुहूर्त वैशाखात धरा. देऊळ संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व खात्याची परवानगी हाती आल्याशिवाय एकही दगड हलवू नका.