रोजच्या वापरातल्या स्पोर्ट्स कारसाठी समर टायर की ऑल सीझन टायर?

समर टायर कोरड्या रस्त्यासाठी आणि ऑल सीझन टायर पावसासाठी, हा समज स्पोर्ट्स कार चालवणाऱ्यांमध्येही इतका पक्का रुजलेला आहे की टायर निवडताना अनेकांची गल्लत तिथूनच सुरू होते. प्रत्यक्षात हवेत पुरेशी ऊब असेल, तर भिजलेल्या रस्त्यावरही चांगला समर टायर त्याच दर्जाच्या ऑल सीझन टायरपेक्षा सहसा कमी अंतरात गाडी थांबवतो. या दोन प्रकारांमधली खरी सीमारेषा पावसाची नसून थंडीची आहे. म्हणून कोणी सल्ला विचारला, तर मी आधी एवढेच विचारतो की वर्षातल्या सर्वांत गार सकाळी ही गाडी रस्त्यावर येणार आहे की नाही.

तुलना एकाच कंपनीच्या दोन टायरांची केली, म्हणजे दिसणारा फरक प्रकाराचा की कंपनीचा, हा घोळ राहत नाही. त्यासाठी मिशेलिनचे दोन टायर सोयीचे आहेत: २०१७ मध्ये बाजारात आलेला पायलट स्पोर्ट ४एस हा समर टायर आणि २०२० मध्ये आलेला पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४. दोन्ही शेजारी ठेवून नक्षी पाहिली, तरी निम्मी गोष्ट कळते. समर टायरच्या बाहेरच्या कडेला रबराचे ठोकळे मोठे आणि जवळजवळ सलग आहेत, कारण वळणावर गाडीचा सगळा भार त्याच कडेवर येतो. ऑल सीझन टायरच्या ठोकळ्यांवर मात्र बारीक, नागमोडी चिरा आहेत आणि त्यांत नख घातले, तर चीर किंचित उघडते. बर्फावर पकड मिळते ती या चिरांच्या असंख्य कडांमुळे. मात्र याच चिरांमुळे ठोकळा कोरड्या डांबरावर थोडा लवचिक होतो, आणि स्टीयरिंग वळवल्यापासून गाडीचे नाक प्रत्यक्ष वळेपर्यंत एक सूक्ष्म विलंब जाणवतो. साध्या गाडीत हा विलंब कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण ज्या गाडीचे स्टीयरिंग आणि सस्पेन्शन तत्पर प्रतिसादासाठीच जुळवलेले असते, तिच्यात तो पहिल्याच वळणावर कळतो आणि मला तो खटकतो.

रबराच्या मिश्रणातला फरक डोळ्यांना दिसत नाही, तरी तोच अधिक महत्त्वाचा आहे. पकड निर्माण होते ती रबर रस्त्याच्या खडबडीतपणात शिरून त्याला बिलगल्यामुळे, आणि त्यासाठी रबर मऊ राहावे लागते. समर टायरचे मिश्रण उबदार रस्त्यावर उत्तम काम करते, परंतु तापमान सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की ते कडक होऊ लागते. रस्ता कोरडा असला तरी पकड घटते, आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळणारी गाडी सकाळच्या पहिल्याच चौकात अ‍ॅक्सिलरेटरवरच्या हलक्या दाबानेही मागून सरकू शकते. ऑल सीझन टायरचे मिश्रण अशा थंडीतही मऊ राहील अशा बेताने केलेले असते. याची उलट बाजू म्हणजे कडक उन्हात सलग वेगाने घाट चढताना तोच टायर लवकर तापतो, त्याचे ठोकळे डळमळू लागतात आणि पकड निसटू लागल्याचा भास होतो.

उणे ७ अंश हा आणखी एक आकडा लक्षात ठेवावा, आणि वरच्या आकड्याशी त्याची सरमिसळ करू नये. या पातळीच्या आसपास आणि तिच्याखाली अतिवेगवान गाड्यांचे समर टायर वापरू नयेत, किंबहुना गाडी जागची हलवूही नये, अशी सूचना मिशेलिन देते, कारण गोठलेल्या रबरावर ताण आला की त्याला भेगा पडू शकतात. ही हानी भरून निघत नाही आणि असा टायर बदलावाच लागतो.

पावसाचा मुद्दा थोडा सविस्तर पाहायला हवा. पायलट स्पोर्ट ४एसच्या ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराच्या थरात, दोन वेगवेगळी मिश्रणे आहेत: बाहेरच्या बाजूचे कोरड्या रस्त्यावरील पकडीसाठी आणि आतल्या बाजूचे, सिलिका असलेले, ओल्या रस्त्यासाठी. परिघाभोवती फिरणाऱ्या रुंद खाचा पाणी बाजूला सारतात, त्यामुळे समर टायर पावसात निरुपयोगी ठरतो हे म्हणणे मुळातच टिकत नाही. टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा धोका प्रामुख्याने खाचांची उरलेली खोली, हवेचा दाब, टायरची रुंदी आणि गाडीचा वेग यांवर अवलंबून असतो. स्पोर्ट्स कारचे टायर रुंद असतात, म्हणून टायर गोटा होण्याची वाट पाहणे इथे अधिकच धोक्याचे आहे. अनेक देशांत खाचांच्या खोलीची किमान कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर असली, तरी पावसात रोज गाडी काढायची असेल, तर खाच ३ मिलिमीटरवर आली की मी नवे टायर घालण्याचाच आग्रह धरेन.

टिकाऊपणात ऑल सीझन टायर निर्विवाद पुढे आहे. अमेरिकी पद्धतीनुसार साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, छापलेला ट्रेडवेअरचा (झिजेचा) आकडा जितका मोठा, तितका टायर सावकाश झिजतो; तो ४एसवर ३०० आणि ऑल सीझन ४ वर ५४० आहे. हा आकडा कंपनी स्वतःच्याच चाचणीवरून ठरवते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या टायरांवरचे आकडे पाहून आयुष्याचा नेमका हिशेब मांडू नये. एकाच कंपनीच्या टायरांमधला कल मात्र त्यावरून चांगला कळतो. रोज लांबचा पल्ला सरळ महामार्गावर कापणाऱ्याला याचे मोल मोठे आहे.

बर्फ पडतो अशा ठिकाणी साइडवॉलवरच्या खुणा नीट वाचाव्यात. एम आणि एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे केवळ नक्षीच्या रचनेवरून मिळतात. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण हे चिन्ह मात्र टायर बर्फावरील पकडीच्या चाचणीत उतरल्यावरच मिळते, आणि ते ऑल सीझन ४ वर आहे. कॉन्टिनेन्टलच्या एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लस या ऑल सीझन टायरमध्ये एक सोय मला फार आवडते. त्याच्या ट्रेडमध्येच डी, डब्ल्यू आणि एस (ड्राय, वेट, स्नो) ही अक्षरे कोरलेली आहेत. त्यांतले एस झिजून पुसले गेले की टायर बर्फासाठी योग्य राहिला नाही, आणि डब्ल्यू गेले की ओल्या रस्त्यावरचा भरवसा संपला. तरीही महिनोन्महिने बर्फ साचत असेल, तर कोणत्याही ऑल सीझन टायरवर विसंबू नये. तिथे समर आणि हिवाळी असे दोन वेगळे संच ठेवणेच योग्य, आणि दोन्ही आलटून पालटून वापरले जात असल्याने प्रत्येक संच अधिक काळ पुरतो.

जिथे पारा बारा महिने १० अंशांच्या वर राहतो, तिथे मी स्पोर्ट्स कारला ऑल सीझन टायर घालणार नाही. तिथे त्याची थंडीतली क्षमता कधी उपयोगात येत नाही, आणि ब्रेक व स्टीयरिंगमधली घट मात्र रोज सोसावी लागते. जिथे हिवाळ्यातल्या अनेक सकाळी ७ अंशांखाली जातात, बर्फ क्वचितच पडतो आणि दुसरा संच ठेवायला जागा नसते, तिथे ऑल सीझन ४ सारखा टायर मी नि:शंकपणे सुचवेन.

निवड कोणतीही असो, चारही टायर एकाच प्रकारचे घ्यावेत. मागे ऑल सीझन आणि पुढे समर अशी सरमिसळ केली, तर थंडीत पुढच्या आणि मागच्या चाकांची पकड वेगवेगळी राहते आणि ऐन वळणावर गाडीचा तोल बिघडतो. पुढच्या आणि मागच्या टायरांचे माप निराळे असेल, तर त्यांची पुढे-मागे अदलाबदलही करता येत नाही, म्हणून मागची जोडी आधी झिजणार हे खरेदीच्या वेळीच गृहीत धरावे.