ओल्या कचऱ्याच्या गॅस प्लँटला ट्रेस एलिमेंटचं द्रावण: कुठे घ्यावं, कुठे नाही

कोबाल्ट, निकेल आणि सेलेनियम ही सूक्ष्मजीवांना अगदी थोडी लागणारी मूलद्रव्यं (ट्रेस एलिमेंट) असलेलं द्रावण मेस, हॉटेल किंवा मोठ्या सोसायटीच्या प्लँटसाठी घेण्यासारखं आहे. घरच्या एक घनमीटरच्या टाकीत आठवड्याला बादलीभर शेण जात असेल तर घेऊ नका. शेणातून हे धातूही येतात आणि सूक्ष्मजीवही.

नुसत्या खरकट्यावरचा प्लँट सुरुवातीला जोरात चालतो, कारण पहिल्या शेणातले धातू टाकीत असतात. ते स्लरीबरोबर हळूहळू वाहून जातात. उष्ट्या अन्नात प्रथिनं भरपूर, त्यामुळे अमोनिया चढतो आणि हायड्रोजनपासून मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर भार येतो. त्यांच्या विकरांना सेलेनियम आणि कोबाल्ट लागतं. ते कमी पडलं की प्रोपिऑनिक आम्ल साचतं. गोम अशी की अमोनियामुळे पीएच तरीही 7.5च्या आसपास राहतो, म्हणजे लिटमस पट्टी साफ फसवते. त्यापेक्षा गाळलेल्या स्लरीचं सल्फ्युरिक आम्लाने पीएच 5 आणि 4.4 पर्यंत टायट्रेशन करून (थेंब थेंब आम्ल घालत किती लागलं ते मोजून) आम्ल आणि क्षारता यांचं गुणोत्तर काढा. 0.4च्या वर सरकायला लागलं की सावध व्हा.

मात्रा किरकोळ असते. सेलेनियम आणि कोबाल्ट प्रत्येकी घनमीटरला 0.2 ग्रॅम धरलं, तर 16 घनमीटर स्लरीला सुरुवातीला प्रत्येकी 3.2 ग्रॅम लागतं. पुढे रोज 200 किलो कचरा आणि 200 लिटर पाणी जात असेल तर रोज 0.08 ग्रॅम. हे वजन मूलद्रव्याचं आहे, क्षाराचं नाही: 3.2 ग्रॅम सेलेनियमसाठी सुमारे 7 ग्रॅम सोडियम सेलेनाइट लागतं. ते जहाल विष आहे, म्हणून सुटी पावडर तोलण्यापेक्षा तयार द्रावण बरं. ‘जरा जास्तच घालू’ नको. जादा सेलेनियम सूक्ष्मजीवांनाही मारतं आणि स्लरीतून शेतातही जातं.

लेबलवर प्रत्येक धातूचं प्रमाण लिहिलेलं नसेल तर बाटली परत ठेवा. कृषी केंद्रातलं ‘ग्रेड 2’ सूक्ष्म अन्नद्रव्य इथे चालत नाही: त्यात जस्त, तांबं, बोरॉन असतं, कोबाल्ट, निकेल, सेलेनियम नाही.

गॅसला कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर आधी फेरिक क्लोराइड हा लोखंडाचा क्षार द्या. नाहीतर सल्फाइड कोबाल्ट-निकेलला धरून तळाशी बसवतं आणि द्रावणाचे पैसे गाळात जातात. लोखंड दिलं की बर्नर आणि जनरेटरही कमी गंजतात.

याच फळीवर ‘गॅस दुप्पट’ म्हणणारी कल्चर पावडर असते. मिथेन बनवणाऱ्यांना ऑक्सिजन सोसत नाही, त्यामुळे उघड्या पुडीतून ते जिवंत पोचतील ही आशा सोडा. चालत्या प्लँटची ताजी स्लरी कधीही सरस.

प्लँट आधीच आंबला असेल तर भरणी थांबवा, क्षारतेसाठी खाण्याचा सोडा थोडा थोडा द्या आणि गुणोत्तर 0.3च्या खाली आल्यावर भरणी पावपट प्रमाणात पुन्हा सुरू करा. द्रावणाचा परिणाम दोन-तीन आठवड्यांनी, तोही गॅस मीटरवर पाहा. ज्योतीच्या उंचीवरून काही कळत नाही.