मानेची उशी: ७ महिने वापरल्यानंतर

पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर शिव्याच घातल्या असत्या. मेमरी फोमची उशी, मध्ये खोलगट, एक कड उंच आणि एक बसकी. रबरासारखा वास चार-पाच दिवस गेला नाही आणि मान आणखीच अवघडली. चूक माझी होती. मी उंच कड मानेखाली घेत होतो. उताणं झोपल्यावर हनुवटी छातीकडे जायला लागली की उशी उंच झाली समजावं. उशी फिरवली आणि तिसऱ्या रात्री फरक कळला. कुशीवर मात्र बसकी कड अपुरी पडते, कारण खांद्यापासून कानापर्यंतची पोकळी भरायला हवी. मग खाली घडी केलेला टॉवेल सरकवतो. एवढी शास्त्रशुद्ध उशी, आणि कामाला आला टॉवेल!

सकाळी उठल्यावर मान एका बाजूला वळायचीच नाही, ते दुखणं गेलं. याचे पूर्ण गुण उशीला.

दुपारचं दुखणं मात्र तसंच राहिलं. चारच्या सुमारास मानेच्या मुळाशी गोणी ठेवल्यासारखं व्हायचं आणि ठणका डोक्याच्या मागे चढायचा. फिजिओथेरपिस्टने मला लॅपटॉपसमोर बसवून बाजूने फोटो काढला. कान खांद्याच्या चांगला चार बोटं पुढे! साडेचार-पाच किलोचं डोकं ७ मणक्यांवर तोललेलं असतं. ते पुढे झुकलं की मागचे स्नायू दिवसभर त्याला ओढून धरतात. लॅपटॉपखाली दोन जाड शब्दकोश ठेवले, कीबोर्ड वेगळा घेतला, दर अर्ध्या तासाने उठू लागलो. तीन आठवड्यांत ठणका उतरला. म्हणजे महिनोन्‌महिने मी रात्रीच्या उशीवर दिवसाचं खापर फोडत होतो.

पाचव्या महिन्यात उजव्या अंगठ्याला मुंग्या आल्या. मान मागे करून उजवीकडे वळवली की दंडातून कळ जायची. डॉक्टर म्हणाले, मानेतली नस दबली आहे, त्यात उशी काही करू शकत नाही. ठरावीक व्यायामांनी दीडेक महिन्यात मुंग्या थांबल्या. एक्सरेवर 'झीज' लिहिलेलं वाचून मी दोन रात्री जागलो, उशी असूनही. नंतर कळलं, वय वाढलं की मान अजिबात न दुखणाऱ्यांच्या एक्सरेतही ती दिसते. पण हातातली वस्तू निसटणं, शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, तापासोबत मान ताठ होणं किंवा पडल्या-आपटल्यावर मान दुखणं, यातलं काहीही असेल तर उशी शोधत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

आता उशीची तब्येत. मधला फोम किंचित बसला आहे, उकाड्यात कानाशी गरम होते, आणि साधा अभ्रा तिच्यावर नीट बसत नाही. पालथं झोपणाऱ्यांनी घेऊ नये. त्यांना रात्रभर मान एका बाजूला वळवूनच ठेवावी लागते, मग उशी कोणतीही असो. मी पाचपैकी साडेतीन देतो, अर्धा टॉवेलचा कापून.