रात्रीचं फुटेज: ब्लॅक अँड व्हाइट आयआर ठेवायचं की लाईट लावून कलर?

सीसीटीव्ही कॅमेरा दिवसा झकास दाखवतो आणि रात्री माणसाचा चेहराच कळत नाही, ही तक्रार जवळपास प्रत्येक सोसायटीत ऐकू येते. ॲपमध्ये नाइट मोडला मुख्य पर्याय दोन, आयआर (म्हणजे इन्फ्रारेड, डोळ्याला जवळपास न दिसणारा उजेड, चित्र ब्लॅक अँड व्हाइट) किंवा पांढरा लाईट लावून कलर. माझं स्पष्ट मत, गेटला कलर आणि घराच्या मागे, गच्चीवर आयआर.

कलरमध्ये शर्ट कुठल्या रंगाचा, स्कूटर लाल की निळी ते कळतं आणि पोलिसांना सांगताना तेच कामाला येतं. आयआरमध्ये काळा कपडासुद्धा कधीकधी चक्क पांढरट दिसतो, म्हणून तिथे रंगावर भरवसा ठेवूच नका. पण कलरला उजेड लागतोच, आणि रात्रभर लाईट चालू ठेवला तर समोरच्यांच्या बेडरूममध्ये जातो, पावसाळ्यात तर किड्यांचा नुसता थवा, त्यामुळे माणूस दिसला की मगच लाईट लागेल असा स्मार्ट मोड असेल तर तोच घ्या. आयआर कोणाला त्रास देत नाही. ८५० नॅनोमीटरवाल्याचे (हा आकडा त्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा) एलईडी अंधारात हलके लाल दिसतात, ९४० वाले दिसत नाहीत पण त्यांचा पल्ला कमी.

आता खरी मेख शटरमध्ये, म्हणजे एका फ्रेमसाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेतो त्यात आहे आणि तिकडे कोणी बघतच नाही. ऑटोवर ठेवलं की रात्री कॅमेरा शटर १/२५ सेकंदापर्यंत नेतो, कधी त्याहूनही हळू, चित्र छान उजळ दिसतं आणि आपण खूश, पण साधं चालणारा माणूस तेवढ्या वेळात पाच-सहा सेंटीमीटर सरकतो म्हणजे चेहरा पुसलाच गेला. १/१०० केलं तर दीडच सेंटीमीटर, पण उजेड चौथा हिस्सा, तो भरून काढायला गेन (कॅमेरा आतल्या आत चित्र उजळवतो ते) वाढतो आणि चित्रात दाणे येतात. गेटवर ट्यूबलाइट किंवा बल्ब असेल तर १/१०० करा, नसेल तर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे या दोन्हीत दिव्याचे पट्टेही येत नाहीत. दाणे घालवायला नॉइज रिडक्शन फुल करू नका हां, चालणाऱ्यामागे सावली ओढल्यासारखी दिसते, मधेच कुठेतरी ठेवा. डब्ल्यूडीआर (एकाच चित्रातला उजेड-अंधार सांभाळणारं सेटिंग) रात्री बंद, गेटसमोर गाड्यांचे हेडलाइट येत असतील तर एचएलसी (झगझगीत दिवे दाबणारं सेटिंग) चालू करून बघा.

आयआर घेतलात तर अजून एक. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ भिंत, ग्रिल किंवा कोळ्याचं जाळं असेल तर तेच चकाकतं आणि मागचं सगळं काळं, खिडकीच्या काचेआडून तर आयआर वापरूच नका. जाळं आठवड्याला झाडूने काढायचं, त्याला सेटिंग नाही. आणि कॅमेरा फक्त रात्रीच बंद-चालू होत असेल तर सेटिंगशी खेळत बसू नका, एलईडी लागले की करंट जास्त लागतो, आधी १२ व्होल्टचा ॲडॉप्टर आणि वायरची लांबी तपासा.