बंद पडलेलं जुनं घर की बिल्डरचा नवा फ्लॅट? नागपुरात घर घेणाऱ्यांसाठी

माझ्या मावसबहिणीपुढे सध्या दोन घरं आहेत. एक मानेवाड्याला, हजार फुटांच्या प्लॉटवरचं बैठं घर. १९९५ च्या सुमाराचं बांधकाम, मालक वारले, मुलं पुण्याला आणि परदेशात, सहा वर्षांपासून कुलूप. दुसरा बेसा रोडवरचा तीन खोल्यांचा नवा फ्लॅट. पैसे जवळपास सारखेच लागतात. घरातले सगळे ‘स्वतःची जमीन’ विरुद्ध ‘लिफ्ट आणि पार्किंग’ असं भांडताहेत. मी २०१६ साली नंदनवनात असंच चार वर्षं बंद असलेलं घर घेतलं, आणि माझ्या भावाने २०१९ साली मनीषनगरात नवा फ्लॅट घेतला. दोघांच्याही भिंतींना ओल आली. माझ्या ओलीचा खर्च मी केला, त्याच्या ओलीचा बिल्डरने. माझ्या मते निवड करताना हाच मुद्दा आधी धरावा: घरात दोष निघाला तर पैसे कोण देणार?

तीन जण देऊ शकतात: बिल्डर, विमा कंपनी किंवा तुम्ही. बिल्डर वाईट कामाचे देतो, तेही ठरावीक मुदतीत. विमा कंपनी अचानक घडलेल्या गोष्टीचे देते. जे हळूहळू, दुर्लक्षामुळे बिघडलं, त्याचे पैसे तुमच्याशिवाय कोणी देत नाही. आणि बंद घरातलं जवळजवळ सगळं हळूहळूच बिघडलेलं असतं.

बंद घर आधी घेऊ. ते बघायला जाल तेव्हा हॉलला ताजा रंग असेल. रंग बघू नका, ओल कुठे आहे ते बघा. छताला गोल डाग आणि पोपडे असतील तर पाणी गच्चीवरून येतंय. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच प्लास्टर फुगलं असेल तर ओल जोत्यातून वर चढतेय. हे सगळ्यांत चिवट दुखणं, कारण वरून कितीही लेप दिले तरी ते परत येतं. खिडकीखालीच डाग असेल तर तो बहुधा कूलरचा. आपल्याकडे दरवर्षी तीन-साडेतीन महिने खिडकीत कूलर चालतो, टाकीचं पाणी सज्जावर आणि भिंतीवर झिरपत राहतं, आणि वीस वर्षांत तिथली सळई गंजते. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटचं आवरण फोडून बाहेर येते. सज्जाच्या खालच्या बाजूला सळई उघडी दिसली तर स्लॅबच्या खालच्या बाजूलाही हातोडीने हलकं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आत काँक्रीट सुटलेलं आहे.

दुसरी गोष्ट भेगा. नागपूरच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घर या मातीबरोबर हलतं, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. मे महिन्यात तिच्यात बोट जातं, ऑगस्टमध्ये ती मिटल्यासारखी वाटते. भेग थांबलेली आहे की अजून चालू आहे हे कळायला एक जुनी, स्वस्त युक्ती आहे: भेगेवर काचेची बारीक पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून ठेवायची. भिंत हलली की काच तडकते. विकणाऱ्याला घाई नसेल तर दोन महिने थांबून हे बघावंच. माझ्या घरात न्हाणीचा नळ वर्षानुवर्षं पायाशी गळत होता, म्हणून एकच कोपरा खचला होता. बंद घरात गळणारा नळ कोणाच्या कानावरच पडत नाही.

बाकीची यादी लवकर उरकते. पॅराफिटमधला पिंपळ, चौकटीतली वाळवी, जुनं वायरिंग, भरलेली सेप्टिक टँक किंवा तुंबलेली गडर लाइन, आणि परसात बुजवलेली विहीर असेल तर ती नेमकी कुठे होती. शेजाऱ्यांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं.

आमचा खर्च सांगते, म्हणजे अंदाज येईल. गच्चीवर जुना कोबा काढून नवा घालायला एक लाख चाळीस हजार, पूर्ण वायरिंग बदलायला एक लाखाच्या वर, वाळवीला अठरा हजार. सौद्यात यातला एक रुपयाही आम्ही कमी करून घेतला नव्हता, कारण हे सगळं आम्हाला रजिस्ट्रीनंतर दिसलं.

कायदा इथे थोडी मदत करतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष त्याने सांगायलाच हवा. अडचण अशी की ‘त्याला माहीत होतं’ हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. पुण्यात राहणारा मुलगा म्हणणार, मी सहा वर्षांत आलोच नाही. आणि विक्रीपत्रात ‘खरेदीदाराने मिळकतीची पाहणी करून समाधान करून घेतले आहे’ हे वाक्य हमखास असतं. म्हणून बयाणा देतानाच, इसारपत्रात विकणाऱ्याकडून लिहून घ्या: गच्ची गळते का, भिंतीला कधी तडा बुजवला का, पावसाळ्यात घरात पाणी शिरलं होतं का, कुठली दुरुस्ती केव्हा केली. खोटं लिहायला माणूस कचरतो. लिहायलाच नकार दिला तर तेही एक उत्तर आहे.

कागदांचे दोषही दडलेलेच असतात. मानेवाडा, हुडकेश्वर, दिघोरीकडे घर घेताना ले-आउट गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय तुकडे पाडून केलेला, आहे का आणि नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, आहे का हे पहिल्याच भेटीत विचारा. नासुप्रच्या लीजवरचा प्लॉट असेल तर लीजची मुदत आणि नूतनीकरण बघा, शहराच्या जुन्या भागात आखीव पत्रिका, म्हणजे मालकी दाखवणारा नगर भूमापनाचा उतारा. मालक वारले असतील तर सगळ्या वारसांची नावं चढली आहेत का ते बघा. परदेशातल्या मुलाची सही मुखत्यारपत्रावर असेल तर ते वकिलाकडून तपासून घ्या. घर टॅक्स, पाणी आणि महावितरणची थकबाकी नसल्याचे दाखले आधी घ्या. वीज कापलेल्या बंद घराचं जुनं बिल नव्या मालकाकडून वसूल होऊ शकतं, हे २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं आहे.

आता नवा फ्लॅट. इथे तुमच्या हाती रेरा, म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणारा कायदा, आहे. २०१६ च्या या कायद्यातलं कलम १४ सांगतं की ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कारागिरीत, दर्जात किंवा सेवांत दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा. नाही केला तर भरपाई. भावाच्या बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला दुसऱ्या पावसाळ्यात ओल आली. त्याने ईमेल केला, तारखेसकट फोटो जोडले, आणि ३० दिवस मोजले. बिल्डरने झुला लावून बाहेरून भिंत दुरुस्त करून दिली. त्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी वर्षभर फक्त साइट सुपरवायझरला फोन केले, त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं, त्यांना वेळ लागला. लेखी तक्रार हीच तुमची पावती.

पण ही हमी कुठे संपते ते करारात वाचा. महाराष्ट्रातल्या बहुतेक करारांत असं असतं की तुम्ही बाथरूम किंवा स्वयंपाकघरात तोडफोड केली आणि त्यातून गळती झाली, तर बिल्डरची जबाबदारी संपली. ताबा मिळाला की पहिलं काम म्हणून टाइल्स बदलणारे खूप लोक मी पाहिले आहेत. त्यांनी पाच वर्षांची हमी पहिल्याच महिन्यात घालवलेली असते. दुसरं एक वाक्य बऱ्याच करारांत सापडतं: २० अंशांहून जास्त तापमानबदलामुळे भिंतीला पडलेल्या केसासारख्या भेगा हा दोष धरला जाणार नाही. नागपुरात, जिथे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, या वाक्याचं वजन जास्त आहे. भेग प्लास्टरची आहे की कॉलम-बीमची, हे इंजिनिअरकडून लिहून घेतलं तर बिल्डरला हे वाक्य पुढे करता येत नाही. लिफ्ट, पंप वगैरेंची वॉरंटी त्या-त्या कंपनीची असते आणि सोसायटीने देखभालीचा करार चालू ठेवला तरच टिकते.

रेराची खरी मर्यादा वेगळी आहे. हुकूम मिळणं आणि पैसे मिळणं यांत अंतर असतं. एकाच प्रकल्पासाठी काढलेली भागीदारी फर्म फ्लॅट विकून झाल्यावर रिकामी पडते, मग वसुलीचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊनही हातात फार काही येत नाही. म्हणून बिल्डरच्या पाच-सात वर्षं जुन्या इमारतीत जा, लिफ्टजवळ उभे राहून तिथल्या लोकांना विचारा. मी नमुना फ्लॅट बघण्यापेक्षा या भेटीला जास्त महत्त्व देते.

ताबा घेताना एक दिवस काढा. बाथरूमची जाळी बंद करून दोन इंच पाणी भरा, २४ तास ठेवा आणि खालच्या फ्लॅटचं छत बघा. नाण्याने टाइल्स ठोका. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे इमारतीत राहायच्या सरकारी परवानगीशिवाय, किल्ली घेऊ नका. बांधकाम चालू असताना घेतलं तर पाच टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांच्या मर्यादेत बसलं तर एक टक्का. प्रमाणपत्र मिळाल्यावर घेतलं तर लागत नाही, जुन्या घरावरही लागत नाही. हा पैसा तुलनेत धरा.

विम्याबद्दल दोन्हीकडे सारखाच गैरसमज आहे. ‘बँकेने विमा काढलाय’ असं लोक सांगतात, आणि कागद उघडला की तो कर्जदाराच्या जिवाचा विमा निघतो, घराचा नाही. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी मिळते. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, टाकी किंवा पाइप फुटणं हे त्यात येतं. रक्कम ठरते ती घर पुन्हा बांधायच्या खर्चावर, जमिनीच्या भावावर नाही. म्हणून मानेवाड्याच्या घरासाठी पूर्ण सौद्याच्या रकमेचा विमा काढण्यात अर्थ नाही. झिरपणारी गच्ची, गंजलेली सळई, वाळवी, सदोष बांधकाम यांतलं काहीच यात येत नाही. आणि घर बंद असेल तर ते अर्जातच लिहा. सलग किती दिवस रिकामं राहिल्यास काय होतं, ती अट शोधून वाचा. दुरुस्ती चालू असलेले चार-सहा महिने घर रिकामंच असतं, आणि तेव्हाच शॉर्टसर्किटची भीती सगळ्यांत जास्त.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीच्या काठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या चांगल्या, जुन्या वस्त्या. सरकारकडून घरटी दहा हजारांची मदत जाहीर झाली. एवढ्यात एक फ्रिजही येत नाही. तळमजल्यावर किंवा नाल्याजवळ घर घेणार असाल तर सामानासकट विमा हा खर्च टाळू नका.

तिसरा पर्याय बहिणीला कोणी सुचवलाच नव्हता: दोन-तीन वर्षं जुना, पुनर्विक्रीचा फ्लॅट. रेरातली ‘खरेदीदार’ची व्याख्या मागून विकत घेणाऱ्यालाही धरते, त्यामुळे उरलेली हमी तुमच्याकडे येते. दोन पावसाळे होऊन गेलेले असतात, जे गळायचं ते गळून दिसलेलं असतं.

माझं मत स्पष्ट आहे. दोघंही नोकरीला जाणारे, घरात म्हातारी माणसं, मिस्त्रीच्या मागे उभं राहायला कोणी नाही, तर बंद घराच्या वाटेला जाऊ नका. असा पुनर्विक्रीचा फ्लॅट शोधा. पण घरात एक तरी माणूस असा असेल की जो रोज साइटवर जाईल, आणि सौद्याचा दहावा हिस्सा रोख बाजूला ठेवता येत असेल, तर जुनं घर घ्या. मी माझं घर आजही बदलणार नाही. फक्त ३० वर्षांच्या आसपासचं बांधकाम असेल तर बयाण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. त्याच्या अहवालावर भाव कमी करून मागता येतो, आणि तो मागायला लाजू नका.

बहिणीने बयाणा तूर्त थांबवला आहे. विकणाऱ्यांनी किल्ली दिली आहे. पहिल्या जोराच्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मानेवाड्याला जाणार आहोत, आधी गच्चीवर, मग मागच्या खोलीत, जिथे रंग जरा जास्तच नवा आहे.